ताळ्याला टाळं कशाला?

गेल्या वर्षीच्या आमच्या कॉलेज फेस्टची गोष्ट. मी स्पॉन्सरशिप टीममध्ये होते. म्हणजे काय, तर भर दुपारी दुकानं पालथी घालायची, 'काका, आमच्या फेस्टला काहीतरी मदत करा ना' म्हणत चपला झिजवायच्या, आणि रात्री हिशेब भरायचा. कॉलेजसमोरच्या गल्लीत एक केटरिंगवाले काका आहेत. तिसऱ्या फेरीला ते हो म्हणाले आणि चक्क पंचवीस हजार दिले. त्या वर्षीची सगळ्यात मोठी रक्कम. फेस्टच्या पहिल्या दिवशी ते आपल्या मुलीला घेऊन आले, गेटवरच्या बॅनरपुढे उभे राहिले आणि नाव शोधू लागले. वर नाही. मधे नाही. सापडलं ते सगळ्यात खाली, चहाच्या टपरीच्याही खाली, सगळ्यात बारीक अक्षरांत. काका माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, 'अगं, पंचवीस हजार दिले होते ना मी? पंचवीस रुपये धरलेत की काय?'

त्यांनी गमतीत विचारलं. पण झालं होतं अगदी तेच.

स्पॉन्सरची यादी करायला माझ्या रूममेटने एक छोटं वेबपेज बनवलं होतं. ती कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे. रकमेच्या चौकटीत काकांच्या वतीने मीच '२५,०००' टाइप केलं होतं, मधल्या स्वल्पविरामासकट. तिच्या कोडने डावीकडून अंक उचलायला सुरुवात केली. दोन घेतला, पाच घेतला, स्वल्पविराम दिसला. हा काही अंक नाही, म्हणून थांबला. रक्कम झाली पंचवीस. यादी रकमेप्रमाणे लागली, डिझाइनवाल्याने ती जशीच्या तशी उचलली, आणि रात्री दोन वाजता बॅनर प्रिंटला गेला. आमच्यापैकी एकानेही मधे नजर टाकली नाही.

रूमवर गेल्यावर मी तिच्यावर जाम चिडले. तिने शांतपणे लॅपटॉप उघडला आणि कोडमधली एक ओळ दाखवली. 'रक्कम ५०० किंवा त्याहून जास्त असलीच पाहिजे,' अशा अर्थाची ती ओळ होती, कारण आमची किमान स्पॉन्सरशिपच पाचशेची होती. म्हणजे पंचवीस हा आकडा तिथेच अडकायला हवा होता. मग अडकला का नाही? अर्ध्या तासाने उलगडा झाला. कोड पायथनमध्ये होता. सर्व्हरवर तो सुरू करताना तिने 'उणे ओ' नावाचा पर्याय दिला होता, कारण कुठल्याशा व्हिडिओत 'याने प्रोग्रॅम फास्ट होतो' असं सांगितलं होतं. तो पर्याय दिला की पायथन अशा सगळ्या तपासणीच्या ओळी सरळ वगळतो. तिच्या लॅपटॉपवर, जिथे आम्ही गंमत म्हणून खोटे आकडे टाकत होतो, तिथे तपासणी चालू होती. जिथे खऱ्या माणसांचे खरे पैसे नोंदवले जात होते, तिथे ती बंद होती.

मी मास कॉमची. कोड हा माझा प्रांत नाही. पण त्या दिवसापासून ही एक ओळ डोक्यातून जात नाहीये. त्यावर थोडं वाचलं, रूममेटला छळून छळून विचारलं, आणि माझं एक मत बनलं. ते तुम्हाला सांगायचंय, मग तुम्ही इंजिनीअरिंगचे असा, बीसीएस-बीसीएचे असा किंवा माझ्यासारखे फक्त फॉर्म भरणारे असा.

बाई म्हणायच्या, ताळा करा

शाळेत भागाकाराचं गणित सोडवलं की बाई ताळा करायला लावायच्या, आठवतंय? भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. उत्तर भाज्याइतकं आलं तर गणित बरोबर. आपण कंटाळा करायचो. 'उत्तर तर आलंय, आता ताळा कशाला?' पण ज्याने ताळा केला त्याचे दोन मार्क वाचायचे.

प्रोग्रॅमिंगमध्ये या ताळ्याला 'अ‍ॅसर्शन' म्हणतात. कोडच्या मधोमध लिहिलेलं एक ठाम वाक्य : 'इथपर्यंत आल्यावर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे.' खरी असेल तर प्रोग्रॅम गुपचूप पुढे जातो. खोटी निघाली तर तिथेच थांबतो आणि कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या ओळीवर, काय चुकलं ते सांगतो.

ही कल्पना कालची नाही. जून १९४९ मध्ये केंब्रिजला झालेल्या एका परिषदेत अ‍ॅलन ट्युरिंग यांनी एक छोटासा निबंध मांडला. मोठा प्रोग्रॅम बरोबर आहे हे कसं तपासायचं, हा त्याचा विषय. त्यांनी उदाहरण घेतलं ते मात्र आपल्या तिसरी-चौथीतलं, बेरजेचं. लांबलचक बेरीज कुणी फक्त उत्तरासकट पुढे ठेवली तर तपासणाऱ्याला ती एका दमात तपासावी लागते. पण हातचे लिहून ठेवले असतील तर प्रत्येक स्तंभ वेगळा तपासता येतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेही असे 'हातचे' मधे मधे लिहून ठेवावेत, असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र असण्याच्या काळात माणूस हातच्यांबद्दल बोलत होता!

आपल्याकडे बँकेच्या चेकवर रक्कम दोनदा लिहितात ना, एकदा अंकी आणि एकदा अक्षरी? तोही ताळाच. एक शून्य जास्त पडलं तरी अक्षरी रक्कम ओरडते.

आकडा वाचण्यात काय एवढं?

तुम्ही म्हणाल, आकडा वाचायला कसला ताळा? पंचवीस हजार म्हणजे पंचवीस हजार. मलाही असंच वाटायचं. पण फॉर्ममध्ये आपण जे टाइप करतो तो कॉम्प्युटरसाठी आकडा नसतोच, ती नुसती अक्षरं असतात. त्या अक्षरांचा आकडा बनवणं हे वेगळं काम आहे, आणि त्यात खड्डेच खड्डे आहेत.

सी भाषेत यासाठी 'एटूआय' नावाचं जुनं फंक्शन आहे. त्याला 'शून्य' हा अंक दिला तर उत्तर येतं शून्य. त्याला 'अबक' दिलं तरीही उत्तर येतं शून्य. म्हणजे समोरच्याने खरंच शून्य लिहिलं की काहीतरी बरळलं, हे कळायला मार्गच नाही. जावास्क्रिप्टचं 'पार्सइंट' सुरुवातीचे अंक उचलतं आणि पुढचं सोडून देतं. त्याला माझं '२५,०००' इंग्रजी अंकांत दिलं असतं तर त्यानेही पंचवीसच सांगितलं असतं. म्हणजे माझ्या रूममेटने जो घोळ घरी बनवला, तो तिथे तयार मिळतो. जुन्या जावास्क्रिप्टमध्ये तर '०८' चा अर्थ कित्येकदा शून्य निघायचा, कारण पुढे शून्य आलं की तो आकडा आठच्या पद्धतीतला समजला जाई, आणि त्या पद्धतीत ८ हा अंकच नाही. २००९ च्या प्रमाण आवृत्तीत ही भानगड मिटवली.

आता आपल्या घरची गोष्ट. तुम्ही मराठी अंकांत '१२३' टाइप केलंत, तर पायथन ते नीट वाचून एकशे तेवीस सांगतो. जावास्क्रिप्ट मात्र 'हा आकडाच नाही' म्हणून हात वर करतं. सी मधलं ते जुनं फंक्शन सांगतं, शून्य. एकच आकडा, तीन भाषा, तीन उत्तरं. त्यात आपले स्वल्पविराम लाख-कोटींच्या हिशेबाने पडतात, पाश्चात्त्यांचे हजार-दशलक्षांच्या. आणि जर्मनीत तर स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह. तिथल्या माणसासाठी '२५,०००' म्हणजे खरोखरच पंचवीस! काकांचं नाव तिथल्या बॅनरवर योग्य जागी छापलं गेलं असं म्हणावं लागेल.

अपूर्णांक आले की प्रकरण आणखी चिघळतं. ०.१ हा आपल्याला साधा वाटणारा आकडा कॉम्प्युटरच्या दोनाच्या पद्धतीत नेमका मावतच नाही. एक तृतीयांश लिहायला गेलं की ०.३३३ संपतच नाही ना, तसंच. मग कॉम्प्युटर त्याच्या सगळ्यात जवळचा आकडा धरतो. पण 'सगळ्यात जवळचा' नेमका कुठला, हे दरवेळी अचूक ठरवणं इतकं अवघड आहे की १९९० मध्ये विल्यम क्लिंजर आणि डेव्हिड गे या दोघांनी त्यावर स्वतंत्र शोधनिबंध लिहिले.

तीसहून अधिक वर्षं जुनी 'बग' ओळ

यातल्या डेव्हिड गे यांनी नुसता निबंध लिहून सोडला नाही, कोडही लिहिला. ते तेव्हा अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होते. अक्षरांचा आकडा करायचा आणि आकड्याची परत अक्षरं करायची, अशी दोन्ही कामं हा कोड करतो. त्यावर साल आहे १९९१. तुमचा माझा जन्मही नव्हता. पण तुम्ही आज सकाळपासून तो बहुधा वापरलाय, कारण फायरफॉक्स, पायथन, पीएचपी अशा कितीतरी ठिकाणी तो थेट किंवा थोडा बदलून बसवलेला आहे.

या कोडमध्ये भागाकार-बाकी काढणारं एक फंक्शन आहे. आपण हाताने भागाकार करतो तसाच तो एका वेळी एक अंक काढत जातो. साहजिकच भागाकारात आलेला अंक ९ पेक्षा मोठा असू शकत नाही. मोठा आला तर कुठेतरी गणित फसलंय. गे यांनी तिथे ताळा लिहून ठेवला : 'अंक ९ पेक्षा मोठा असेल तर बग!' मला हे वाचून फार गंमत वाटली. जगभर पोचलेल्या कोडच्या पोटात चौथीतल्या बाई बसल्यात.

पण हा ताळा जुन्या पद्धतीचा आहे. एक तर तो मुळात बंद असतो. 'डीबग' नावाचं बटण मुद्दाम चालू केलं तरच तो कोडमध्ये येतो. दुसरं म्हणजे, चूक सापडल्यावर तो एक वाक्य छापतो आणि सरळ बाहेर पडतो, एखादा प्रोग्रॅम काम संपवून बाहेर पडावा तसा. कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर, कोणी बोलावलं म्हणून आपण इथे आलो, यातलं काही हाती लागत नाही. हल्लीचं अ‍ॅसर्ट त्याच जागी प्रोग्रॅम गोठवतं, म्हणजे पंचनामा करता येतो.

म्हणून ज्यांनी हा कोड घेतला त्यांच्यापैकी काहींनी या जुन्या ओळी बदलून आपल्याकडचं अ‍ॅसर्ट बसवलं. सफारी ब्राउझरच्या मुळाशी असलेल्या वेबकिटमध्येही असंच झालंय. बाहेरून बघितलं तर यात काय विशेष? तीन ओळी गेल्या, एक आली. नवं फीचर नाही, नवं बटण नाही. वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही.

तरी या कामात डोकं लागतं. जुनी ओळ म्हणते, '९ पेक्षा मोठा असेल तर ओरड.' नवी ओळ उलटी लिहावी लागते : '९ किंवा त्याहून लहान आहे, हे खरं आहे.' घाईघाईत कुणी '९ पेक्षा लहान' लिहिलं, तर बिचारा ९ हा अंक विनाकारण पकडला जाणार. शोधा आणि बदला असं एका झटक्यात होणारं हे काम नाही. प्रत्येक वाक्य मनातल्या मनात उलटं करून वाचावं लागतं.

आणि सगळ्यात मोठा बदल दिसतच नाही. जुनी तपासणी 'चालू कर' म्हटलं तरच चालू व्हायची. सी भाषेतलं प्रमाण अ‍ॅसर्ट मात्र 'बंद कर' म्हटलं तरच बंद होतं. म्हणजे आधी गप्प राहणं ही सवय होती, आता बोलणं ही सवय झाली. माझं सगळं मत या एका बदलाभोवती आहे : ताळा मुळात चालू असायला हवा. बंद करायचा असेल तर एकेक करून, आणि का बंद केला ते तिथेच लिहून.

'पण फास्ट चालायला हवं ना!'

हे मत मी रूममेटला ऐकवलं तेव्हा तिने लगेच दोन मुद्दे काढले. ते खोटे नाहीत, म्हणून ते इथे सांगते.

पहिला मुद्दा वेगाचा. आकडे वाचणारा कोड सेकंदाला लाखो वेळा चालू शकतो. प्रत्येक वेळी ताळा केला तर वेळ जाणार. बरोबर. पण सगळे ताळे सारखे नसतात. 'अंक ९ पेक्षा मोठा आहे का' ही एक तुलना आहे, ती फुकटात पडल्यासारखी आहे. 'ही पूर्ण यादी नीट लागलीय का' हे तपासायला मात्र अख्खी यादी चाळावी लागते. महाग ताळा सरावापुरता ठेवा, स्वस्त ताळा सामन्यातही ठेवा. नव्या भाषांनी आणि मोठ्या प्रोजेक्ट्सनी नेमकी हीच वाटणी केलीय. रस्ट भाषेत 'अ‍ॅसर्ट' कायम चालू असतं आणि 'डीबग अ‍ॅसर्ट' फक्त सरावाच्या बिल्डमध्ये. क्रोमच्या कोडमध्ये 'चेक' आणि 'डीचेक' अशी जोडी आहे. २०११ पासून सी आणि सी प्लस प्लसमध्ये तिसराही प्रकार आहे. तो प्रोग्रॅम तयार होतानाच तपासतो, त्यामुळे चालताना त्याचा खर्च शून्य. 'या मशीनवर हा आकडा ६४ बिटांचाच आहे ना?' हे एकदाच विचारायचं असतं, ते तिथेच विचारून घ्यायचं.

प्रत्यक्षात आपण काय करतो? एका झटक्यात सगळंच बंद करतो, माझ्या रूममेटसारखं. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९७० च्या दशकातच या सवयीची टिंगल केली होती. जमिनीवर सराव करताना लाइफ जॅकेट घालायचं आणि समुद्रात उतरताना काढून ठेवायचं, असला हा शहाणपणा आहे, अशा अर्थाचं ते बोलले होते.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. रूममेट म्हणाली, 'ताळा चुकला म्हणून फेस्टच्या आदल्या रात्री अख्खं पेज बंद पडलं असतं तर? ते चाललं असतं तुला?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मला एरियान-५ ची गोष्ट सापडली.

४ जून १९९६. युरोपचं नवंकोरं एरियान-५ रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि जेमतेम चाळीस सेकंदांत भरकटून फुटलं. बरोबर चार क्लस्टर उपग्रह होते. कारण सापडलं ते आकड्यांच्या रूपांतराचं. ६४ बिटांतला एक अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबायचा होता. आकडा इतका मोठा झाला की मावलाच नाही. हा कोड आधीच्या एरियान-४ मधून उचललेला. जुन्या रॉकेटच्या वेगात तो आकडा कधीच एवढा मोठा व्हायचा नाही. अशा सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं, तिघांना नाही, कारण कॉम्प्युटरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. म्हणजे पुन्हा तेच, वेग! झाक-लुई लिओन्स यांच्या चौकशी मंडळाने आणखी एक गोष्ट नोंदवली. या तिघांना संरक्षण का दिलं नाही, याचं कारण कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पण याच गोष्टीत रूममेटचा मुद्दाही आहे. आकडा मावत नाही हे यंत्राच्या लक्षात आलं होतं. त्याने काय केलं? स्वतःला बंद करून घेतलं. त्याच्या जोडीच्या राखीव यंत्रातही तोच कोड, त्यामुळे तेही तसंच बंद पडलेलं. आणि कहर म्हणजे जे गणित करताना हे घडलं, त्याची उड्डाणानंतर एरियान-५ ला गरजच नव्हती. म्हणजे नुसता ताळा असून भागत नाही. ताळा चुकला तर पुढे काय करायचं, हेही आधी ठरवावं लागतं. कधी थांबायचं, कधी नोंद करून पुढे जायचं, कधी माणसाला हाक मारायची.

थांबता न येण्याचीही शिक्षा असते. जानेवारी २०११ मध्ये पीएचपीत असा दोष सापडला की २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले १० चा उणे ३०८ वा घात, हा एक विशिष्ट चिमुकला आकडा वाचायला दिला की काही ३२ बिटांच्या मशीनवर प्रोग्रॅम कायमचा अडकायचा. उत्तराच्या जवळ जायचं, थोडं दुरुस्त करायचं, परत बघायचं, असा तो लूप. या आकड्यावर तो संपायचाच नाही. कुणीही एखाद्या वेबसाइटला हा आकडा पाठवून तिचा सर्व्हर गुंतवून ठेवू शकला असता. पीएचपीने काही दिवसांतच दुरुस्ती दिली. लगेच पुढच्या महिन्यात जावामध्येही तसाच प्रकार उघड झाला. तिथला कोड वेगळा, आकडा मात्र याचा अगदी शेजारी. 'हा लूप इतक्या फेऱ्यांत संपलाच पाहिजे' हे एका ओळीचं वाक्य आहे. ते लिहायला बुद्धी लागत नाही, फक्त आपण चुकू शकतो हे मान्य करावं लागतं.

चूक कुणाची, ते आधी ठरवा

एवढं सगळं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की रूममेटची खरी चूक 'उणे ओ' ही नव्हतीच, किंवा तेवढीच नव्हती. चूक ही की तिने एकाच हत्याराने दोन वेगळी कामं केली.

फॉर्म भरणाऱ्याने पाचशेपेक्षा कमी रक्कम लिहिली, स्वल्पविराम घातला, 'पंचवीस हजार' असं अक्षरी लिहिलं, तर तो काही गुन्हा नाही. माणसं असंच लिहितात. त्यासाठी साधी अट हवी आणि नम्र सूचना हवी : 'रक्कम पुन्हा एकदा तपासा.' ही तपासणी कुठल्याही बटणाने बंद होता कामा नये. अ‍ॅसर्ट आहे ते दुसऱ्या कामासाठी, आपलंच गणित फसलंय का ते बघायला. 'आकडा वाचून झाल्यावर सगळी अक्षरं संपलेली असलीच पाहिजेत.' हे वाक्य खोटं ठरलं तर दोष वापरणाऱ्याचा नाही, माझा. फेस्टच्या पेजमध्ये हे एवढं चालू असतं तरी पाचानंतर उरलेला ',०००' पकडला गेला असता.

आणखी दोन सापळे सांगते, कारण यात माझी रूममेटच काय, चांगले चांगले सापडतात. एक, अ‍ॅसर्टच्या आत काम करू नका, फक्त विचारा. 'आकडा वाच आणि तो वाचला गेला का ते बघ' हे दोन्ही सी भाषेत अ‍ॅसर्टच्या कंसात कोंबलं, तर ज्या दिवशी तपासण्या बंद होतील त्या दिवशी आकडा वाचणंही बंद होईल. दोन, पायथनमध्ये अट आणि निरोप दोन्ही मिळून एकाच कंसात टाकलेत, तर तो ताळा कायम पासच होतो, काहीही टाका. पायथन त्याबद्दल इशारा देतो. पण इशारे वाचतो कोण?

याला मार्क कोण देणार?

इथे मला तुमच्याशी आणि तुमच्या सरांशी थोडं भांडायचंय.

आपल्याकडे फायनल इयर प्रोजेक्ट म्हणजे काहीतरी नवंच हवं असतं. एआय चॅटबॉट, फेस रेकग्निशन, स्मार्ट डस्टबिन. डेमोच्या दिवशी स्क्रीनवर काहीतरी हललं पाहिजे. कुणी म्हणालं की 'सर, मी एका जुन्या ओपन सोर्स कोडमधल्या वीस तपासण्या वाचल्या, त्यातल्या बारा नव्या पद्धतीने लिहिल्या आणि दोन चुकीच्या निघाल्या,' तर व्हायव्हात पहिला प्रश्न येईल, 'पण यात तुझं नवीन काय?' मला वाटतं, तो प्रश्न चुकीचा आहे. दुसऱ्याने तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं वाचायचं, त्याने काय गृहीत धरलं होतं ते समजून घ्यायचं, ते आजच्या भाषेत नेमकं मांडायचं आणि ९ च्या जागी ८ होणार नाही याची काळजी घ्यायची, यात शिकण्यासारखं खूप आहे. नोकरी लागल्यावर दुसऱ्याचाच कोड वाचावा लागतो, असं सगळे सीनियर्स सांगतात. मग त्याची प्रॅक्टिस कॉलेजात का नको?

हे फक्त कोडवाल्यांपुरतंही नाही. मी सध्या पेपरच्या डेस्कवर इंटर्नशिप करतेय. बातमीत आकडा आला की वरिष्ठ एकच विचारतात, 'लाख की कोटी? बेरीज करून बघितलीस?' सुरुवातीला मला ते टोचायचं. आता कळतं की हा ताळा आहे, आणि तो संध्याकाळी सातला, सगळ्यात जास्त घाई असते तेव्हाच चालू ठेवायचा असतो. सकाळी निवांत असताना तपासायचं आणि डेडलाइनला सोडून द्यायचं, तर मग तपासायचं तरी कशाला?

तेव्हा एक छोटं काम करा. तुमच्या मिनी प्रोजेक्टमध्ये जिथे फॉर्ममधून आकडा येतो ती जागा उघडा. त्यात '२५,०००' टाका. मराठी अंक टाका. रिकामं सोडा. पुढे-मागे जागा सोडून बघा. काय होतं ते बघा, आणि मग तो आकडा वाचल्यावर काय खरं असलंच पाहिजे, ते एका ओळीत लिहा. शेवटी सर्व्हरवर ती ओळ खरंच चालू आहे का, हे मुद्दाम चुकीचा आकडा टाकून तपासा. अर्धा तास लागेल.

माझ्या रूममेटने तिचं पेज दुरुस्त केलं. आता ते आधी स्वल्पविराम काढतं, मग अंकांखेरीज काहीही उरलं तर फॉर्म परत पाठवतं. पाचशेची अट साधी अट झालीय, ती कुठल्याही पर्यायाने गळत नाही. आणि वाचलेली रक्कम चेकसारखी अक्षरी करून स्क्रीनवर दाखवली जाते. ही शेवटची कल्पना माझी, हे तिने मान्य केलंय.

या वर्षी मी पुन्हा काकांकडे गेले. त्यांच्यासमोरच फोनवर फॉर्म भरला आणि स्क्रीन त्यांना दाखवली : 'अक्षरी रुपये अकरा हजार फक्त.' हो, या वेळी अकराच. बाकीचे चौदा का कमी झाले, ते मी विचारलं नाही.